एमव्ही चालतं, सीपी अडतं: सेफ क्लस्टरमधल्या परवानग्यांचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: "संग्रह फोल्डरमध्ये फाइल तयार होते, पण आत काहीच नसतं." सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये शून्य बाइटच्या सात फाइली एकाखाली एक. नावं बरोबर, मालक बरोबर, वेळ बरोबर, फक्त मजकूर नाही. शेजारच्याच फोल्डरमध्ये त्याच वापरकर्त्याचं काम त्याच मिनिटाला सुरळीत चालू होतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतेय, कारण एका लक्षणामागे एकामागून एक निराळी कारणं निघत गेली आणि दर वेळी आम्हाला वाटलं की आता मिटलं. शिवाय यात लोकांच्या फाइली अडकल्या होत्या, आणि त्याची जबाबदारी आमच्याकडे येते.

## आधीची मांडणी

आमच्याकडे सेफएफएस आहे, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून साठवण देणाऱ्या सेफ (Ceph) या प्रणालीवरची सामायिक फाइल सिस्टिम. साधारण ४० लिनक्स मशीनवर ती कर्नल क्लायंटने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्याच सेफच्या भागाने, माउंट होते (फोल्डरसारखी जोडली जाते). फाइल सिस्टिमचं नाव इथे 'कार्य' धरू. डेटाचा मूळ पूल, म्हणजे साठवणीचा कप्पा, तीन प्रती ठेवणारा आहे. जागा भरत आली, म्हणून क्वचित लागणाऱ्या साहित्यासाठी इरेजर कोडिंगचा एक नवा पूल केला: डेटाचे चार तुकडे आणि पडताळणीचे दोन, ज्यांतून हरवलेले तुकडे पुन्हा उभे करता येतात. म्हणजे एक टेराबाइट मजकुराला तीनऐवजी दीड टेराबाइट डिस्क लागते. पूलवर ओव्हरराइटची सोय चालू केली, कारण तिच्याशिवाय सेफएफएसला असा पूल वापरता येत नाही. पूल फाइल सिस्टिमला जोडला आणि 'संग्रह' फोल्डरवर लेआउट बसवला. इथून पुढे त्या फोल्डरमध्ये तयार होणाऱ्या फाइलींचा डेटा नव्या पूलमध्ये जाणार होता.

मग ॲडमिन मशीनवरून एक मोठी फाइल टाकली, परत वाचली, चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) ताडून पाहिला. जुळला. बदल पूर्ण झाल्याची नोंद केली.

ती चाचणी अपुरी होती आणि ती मीच केली होती. 'क्लायंट डॉट ॲडमिन' या नावाच्या कीला, म्हणजे ओळख पटवणाऱ्या किल्लीला, सगळ्या पूलांवर सगळं करायची मुभा असते. त्या कीने फाइल लिहिली गेली यावरून पूल धडधाकट आहे एवढंच कळतं. ज्या ४० मशीनसाठी हा खटाटोप केला, त्यांच्या कीने काय होतं हे मी पाहिलंच नव्हतं.

## पहिले दोन दिवस

फाइल लिहिता येत नाही म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष युनिक्सच्या परवानग्यांकडे गेलं. गट तपासला, एसीएल (फाइलवरच्या जादा परवानग्यांच्या याद्या) तपासल्या, एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था एका मशीनवर पर्मिसिव्ह, म्हणजे न अडवणारी, करून पाहिली. फोल्डरवर कोटा आहे का ते बघितलं. एका सहकाऱ्याने चाचणीपुरतं फोल्डर सगळ्यांना खुलं केलं, ७७७. काहीच फरक पडला नाही, पण ते ७७७ मात्र तसंच राहिलं आणि तीन दिवसांनी माझ्या नजरेस पडलं. चाचणीसाठी सैल केलेली परवानगी त्याच बैठकीत परत आवळायची असते. गडबडीत तेच राहून जातं.

या दोन दिवसांत उत्तर आमच्यासमोर लिहिलेलं होतं. सीपी ही कॉपी करणारी कमांड म्हणत होती: 'एरर रायटिंग', आणि पुढे 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. आम्ही ते 'परमिशन डिनाइड' असं वाचत होतो. मराठीत बोलताना दोन्हींना आपण 'परवानगी नाही' म्हणून मोकळे होतो, पण कर्नलच्या लेखी हे दोन वेगळे क्रमांक आहेत. फाइलच्या मोड बिट्समुळे (७७७ सारख्या परवानगीच्या खुणांमुळे) उघडणं किंवा लिहिणं नाकारलं गेलं तर १३ क्रमांकाची चूक येते, ईॲक्सेस. आमच्याकडे येत होती १ क्रमांकाची, ईपर्म. कोटा ओलांडला असता किंवा पूल भरला असता तर आणखी वेगळे संदेश आले असते. फाइल तयार करायला हरकत नाही, उघडायला हरकत नाही, आणि नेमका राइट कॉल ईपर्म देतो, हे मोड बिट्सचं वागणं नव्हे.

कोंडी फुटली ती एका वापरकर्तीच्या निरीक्षणामुळे. ती म्हणाली, "मॅडम, मी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये बनवून मग संग्रहात हलवली तर ती चालते. कॉपी केली तर मात्र रिकामी होते."

एमव्ही, म्हणजे हलवणं, चालतं, सीपी अडतं. मी हे तिच्या मशीनवर स्वतः करून पाहिलं. मग आणखी एक गोष्ट केली: लेआउट बदलण्यापूर्वीपासून त्याच संग्रह फोल्डरमध्ये पडून असलेली एक जुनी फाइल उघडली आणि तिच्या शेवटी एक ओळ जोडली. जोडली गेली. त्याच फोल्डरमध्ये, त्याच वापरकर्त्याला, जुन्या फाइलमध्ये लिहिता येतं आणि नव्या फाइलमध्ये येत नाही. युनिक्स परवानग्यांचा संशय इथे संपला.

## नावाची वाट आणि डेटाची वाट

सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या मूळ रचनेपासून सेफमध्ये फाइलची माहिती आणि फाइलचा मजकूर वेगळे ठेवलेले आहेत. नाव, मालक, मोड, फोल्डरची रचना हे सगळं मेटाडेटा सर्व्हर, म्हणजे एमडीएस, पाहतो. मजकूर मात्र एमडीएसमधून जातच नाही. क्लायंट स्वतः हिशेब करून तो कुठल्या ओएसडीवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या सेवेवर, आहे ते ठरवतो आणि थेट त्या ओएसडीशी बोलतो. या थेट वाटेमुळेच सेफ मोठ्या क्लस्टरमध्येही टिकाव धरतो.

याचा परिणाम असा की परवानगी दोन ठिकाणी तपासली जाते आणि त्या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नसतो. सेफएक्स या ओळखपद्धतीत प्रत्येक कीसोबत कॅप्स, म्हणजे मुभा, असतात: क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या मॉनिटरसाठी वेगळ्या, एमडीएससाठी वेगळ्या, ओएसडीसाठी वेगळ्या. एमडीएसने 'ये' म्हटलं की फाइलचं नाव तयार होतं. मग क्लायंट मजकूर घेऊन ओएसडीकडे जातो आणि तिथे त्या पूलची कॅप नसेल तर ओएसडी दार लावून घेतो. मागे उरते शून्य बाइटची फाइल.

एमव्ही का चालतं तेही यातूनच कळतं. लेआउट फाइलला तिच्या जन्माच्या वेळी मिळतो आणि नंतर तिच्यासोबतच राहतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये जन्मलेली फाइल हलवली तरी तिचा डेटा जुन्या पूलमध्येच असतो. हलवणं म्हणजे फक्त एमडीएसच्या वहीत नाव इकडचं तिकडे करणं. सीपी मात्र संग्रहात नवी फाइल जन्माला घालतो आणि तिचा डेटा नव्या पूलकडे निघतो. गेटएफएटीटीआर या कमांडने दोन्ही फाइलींचे लेआउट काढले. हलवलेल्या फाइलीवर जुन्या पूलचं नाव होतं, कॉपी केलेल्या रिकाम्या फाइलीवर नव्या.

## एक फसवी चाचणी

आता फाइल सिस्टिम बाजूला ठेवून थेट ओएसडीला विचारायचं ठरलं. रॅडोस ही कमांड वापरून क्लायंटच्या कीने नव्या पूलमध्ये एक छोटा ऑब्जेक्ट, म्हणजे सेफमधला साठवणीचा मूळ तुकडा, टाकायचा. सहकाऱ्याने एका क्लायंट मशीनवर ते केलं आणि कळवलं: "ऑब्जेक्ट जातोय. कॅप्स बरोबर आहेत."

हे कसं शक्य आहे यावर आमचा अर्धा दिवस गेला. शेवटी मी त्याला कमांड जशीच्या तशी पाठवायला सांगितली. तिच्यात आयडी दिलेला नव्हता. सेफच्या कुठल्याही कमांडला आपण कोण ते सांगितलं नाही, तर ती 'क्लायंट डॉट ॲडमिन' धरून चालते आणि ईटीसी-सेफ या फोल्डरमध्ये त्या नावाची कीरिंग, म्हणजे कीची फाइल, शोधते. बहुतेक मशीनवर ती नसते आणि मग दोन ओळी दिसतात: कीरिंग सापडत नाही, आणि 'सर्व्हर अलाउड मेथड्स २, बट आय ओन्ली सपोर्ट १'. यातला २ म्हणजे सेफएक्स, १ म्हणजे ओळखच नाही. क्लायंटच्या हातात की नाही, म्हणून तो ओळखीविना आत येऊ पाहतोय आणि मॉनिटर नाकारतोय, असा त्या ओळीचा अर्थ. हाच संदेश दोन्हीकडे २ दाखवत असेल तर क्लायंटकडे की आहे, पण ती चुकीची आहे किंवा नाव आणि की यांची जोडी जुळत नाही.

त्या एका मशीनवर मात्र कुणीतरी केव्हातरी ॲडमिनची कीरिंग ठेवून दिली होती. त्यामुळे चाचणी बिनतक्रार ॲडमिन म्हणून चालली आणि आम्हाला खोटं उत्तर मिळालं. ती कीरिंग तिथून काढली. क्लायंट मशीनवर ॲडमिनची की असणं सुरक्षेच्या दृष्टीने वाईट आहेच, पण तपासाच्या दृष्टीनेही ती विषारी आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक निदानाचं उत्तर 'सगळं ठीक' असंच येतं.

आयडी देऊन तीच कमांड पुन्हा चालवली. जुन्या पूलमध्ये ऑब्जेक्ट गेला. नव्या पूलमध्ये क्रमांक १, ऑपरेशन नॉट परमिटेड. आता लक्षण फाइल सिस्टिमच्या बाहेर, एका ओळीत दाखवता येत होतं.

## जुन्या कीज

सेफ ऑथ गेट चालवून त्या कीच्या कॅप्स वाचल्या. मॉनिटरसाठी 'अलाउ आर' (फक्त वाचन). एमडीएससाठी 'अलाउ आरडब्ल्यू' (वाचन आणि लेखन). ओएसडीसाठी 'अलाउ आरडब्ल्यू पूल' आणि पुढे जुन्या पूलचं नाव. नव्या पूलचा उल्लेख नाही, तो असणारच कसा? ती की बनवली तेव्हा हा पूल नव्हताच.

उपाय सोपा दिसत होता: कॅप्समध्ये नवा पूल जोडायचा. इथे सहकाऱ्याकडून एक चूक झाली, जी सेफ वापरणाऱ्या अनेकांच्या हातून होते. सेफ ऑथ कॅप्स ही कमांड कॅप्स जोडत नाही, बदलून टाकते. त्याने फक्त ओएसडीचा भाग दिला. मॉनिटरच्या आणि एमडीएसच्या कॅप्स त्याच क्षणी गेल्या. सुदैवाने ही चाचणीची की होती. तिचा पुढचा माउंट १३ क्रमांकाच्या चुकीने आपटला आणि आम्ही तिथेच थांबलो. तेव्हापासून नियम केला: कुठल्याही कीला हात लावण्यापूर्वी सेफ ऑथ गेटचं उत्तर फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. गरज पडली तर ती फाइल सेफ ऑथ इम्पोर्टने जशीच्या तशी परत चढवता येते, कॅप्ससकट.

मग प्रश्न आला की प्रत्येक कीला नव्या पूलचं नाव जोडत बसायचं का. उद्या तिसरा पूल आला तर पुन्हा हेच. यावर सेफमध्ये चांगली सोय आहे. लुमिनस या २०१७ च्या आवृत्तीपासून प्रत्येक पूलवर तो कुठल्या ॲप्लिकेशनचा आहे याची खूण असते, आणि ओएसडीची कॅप पूलच्या नावाऐवजी त्या खुणेवर बांधता येते: 'अलाउ आरडब्ल्यू टॅग सेफएफएस डेटा=कार्य'. म्हणजे कार्य या फाइल सिस्टिमचा डेटा ठेवणारा कुठलाही पूल, आजचा किंवा उद्याचा. सेफ एफएस ऑथराइझ ही कमांड की बनवते तेव्हा अशीच कॅप देते. आमच्या जुन्या कीज त्या काळापूर्वीच्या सवयीने हाताने बनवलेल्या होत्या. त्या सगळ्यांना खुणेची कॅप दिली, तिन्ही भाग पूर्ण लिहून.

## खूण होती, पण रिकामी

एका गोष्टीकडे मी तोवर दुर्लक्ष केलं होतं. तक्रार करणाऱ्यांत काही जण असे होते ज्यांच्या कीज गेल्या वर्षभरात एफएस ऑथराइझने बनवलेल्या होत्या. त्यांच्याकडे खुणेची कॅप पहिल्यापासून होती. तरी त्यांची कॉपी अडत होती. आणि आता जुन्या कीज बदलल्यावर त्याही तशाच अडल्या.

सेफ ओएसडी पूल ॲप्लिकेशन गेट चालवलं. जुन्या पूलचं उत्तर: सेफएफएस, त्याच्या आत डेटा, त्याची किंमत कार्य. नव्या पूलचं उत्तर: सेफएफएस, आणि आत रिकामा कंस.

झालं असं होतं की पूल तयार केल्यावर, तो फाइल सिस्टिमला जोडण्यापूर्वी, मी 'ॲप्लिकेशन एनेबल' ही कमांड हाताने चालवली होती. पूलवर ॲप्लिकेशनची खूण नसेल तर क्लस्टर इशारा देतो आणि तो इशारा मला नको होता. त्या कमांडने पूलवर 'सेफएफएस' एवढं नाव चिकटलं. नंतर पूल फाइल सिस्टिमला जोडताना आमच्या आवृत्तीने पाहिलं की नाव आधीच आहे, आणि आतली 'डेटा=कार्य' ही जोडी भरली नाही. क्लस्टर निरोगी दिसत होता, इशारा नव्हता, पूल फाइल सिस्टिमच्या यादीत होता. पण ओएसडी कॅप तपासताना नेमकी ती जोडी शोधतो. जोडी नाही, म्हणून परवानगी नाही.

सेफ ओएसडी पूल ॲप्लिकेशन सेट या कमांडने ती जोडी भरली. ही माहिती ओएसडी मॅपमध्ये असते, त्यामुळे ती सगळ्या ओएसडींपर्यंत आपोआप पोहोचते, कुठलीही सेवा पुन्हा सुरू करावी लागत नाही. क्लायंटच्या आयडीने रॅडोसची चाचणी पुन्हा केली. ऑब्जेक्ट गेला. मला हायसं वाटलं आणि मी तक्रारदारांना कळवून टाकलं की आता चालेल.

## तरीही चालेना

अर्ध्या तासात तीन उत्तरं आली: अजून तेच. त्याच मशीनवर रॅडोस कमांड पास होत होती आणि सीपी अडत होतं.

इथे क्लायंटच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यावं लागलं. कर्नल क्लायंट एखाद्या पूलमध्ये प्रथमच वाचायला किंवा लिहायला निघतो, तेव्हा आधी एक चाचपणी करतो: त्या पूलमध्ये फाइलच्या पहिल्या ऑब्जेक्टची चौकशी करतो आणि तो तयार करता येतो का ते पाहतो. ओएसडीने ईपर्म दिला तर 'या पूलला परवानगी नाही' असं नोंदवून ठेवतो. ही चाचपणी आवश्यक आहे. ती नसती तर लिहिलेलं पेज कॅशमध्ये जाऊन बसलं असतं, ॲप्लिकेशनला यश कळलं असतं, आणि नकार नंतर, डेटा ओएसडीकडे ढकलताना आला असता. म्हणजे शून्य बाइटच्या फाइलीसोबत खोटं यशही मिळालं असतं. आमचं नुकसान मर्यादित राहिलं ते या चाचपणीमुळेच.

पण ती नोंद माउंट असेपर्यंत टिकते. पूल दुरुस्त झाला हे क्लायंटला कळत नाही, तो पुन्हा विचारतच नाही. जुन्या कीजच्या बाबतीत भर म्हणून तिकिटांचाही मुद्दा होता: कॅप्स ओएसडीपर्यंत पोहोचतात त्या मॉनिटरने दिलेल्या तिकिटातून, आणि सेवा-तिकिटाची मुदत मुळात एक तास असते. आधीच जोडलेला क्लायंट काही काळ जुन्याच कॅप्सवर चालू शकतो. रॅडोस कमांड दर वेळी नव्याने जोडली जाते, म्हणून ती लगेच पास झाली.

दोन्हींवर औषध एकच, अनमाउंट करून पुन्हा माउंट करणं. बहुतेक मशीनवर ते सहज झालं. पाच मशीनवर दीर्घकाळ चालणारी कामं होती आणि अनमाउंट 'बिझी' म्हणून नकार देत होतं. तिथे आमच्यातल्या एकाने लेझी अनमाउंट केलं आणि लगेच नवा माउंट चढवला. माउंट झाला, फाइली दिसल्या, सीपी मात्र अडलंच.

लेझी अनमाउंटने झाडावरून फांदी काढल्यासारखी दिसते, पण ज्या प्रोसेसच्या हातात फाइल उघडी आहे तिच्यासाठी जुना माउंट आतून जिवंत असतो. आणि सेफचा कर्नल क्लायंट, तेच पर्याय देऊन दुसरा माउंट केला तर, नवा क्लायंट उभा न करता जिवंत असलेल्याचाच वाटा देतो. म्हणजे नवा दिसणारा माउंट जुन्याच क्लायंटवर बसला होता, त्याच्या जुन्या नोंदीसह. 'नोशेअर' हा माउंट पर्याय देऊन स्वतंत्र क्लायंट मागता येतो. आम्ही मात्र कामं संपेपर्यंत थांबलो, एलएसओएफने उघड्या फाइली पाहिल्या, आणि नीट अनमाउंट केलं. माझ्या मते तेच योग्य होतं. एकाच मशीनवर एकाच फाइल सिस्टिमचे दोन क्लायंट, एक परवानगीवाला आणि एक बिनपरवानगीचा, ठेवून पुढचा घोळ ओढवून घेण्यात अर्थ नव्हता.

## न जोडली जाणारी दोन मशीन

पुन्हा माउंट करण्याच्या या फेरीत दोन मशीन उलट्या गेल्या: आधी निदान जुना पूल तरी चालत होता, आता एकावर माउंटच होईना आणि दुसऱ्यावर एक सेवा जोडली जाईना.

पहिलीची चूक क्रमांक ११०, कनेक्शन टाइम्ड आउट. परवानगीचा इथे संबंध नाही, मॉनिटर सापडतच नव्हते. तिच्या सेफ डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये मॉन होस्टच्या ओळीत तीन पत्ते होते आणि तिन्ही निवृत्त केलेल्या मॉनिटरचे. क्लायंट कॉन्फमधले पत्ते वापरतो ते फक्त पहिल्यांदा जोडताना. एकदा जोडला की मॉनिटरांची ताजी यादी त्याला क्लस्टरकडूनच मिळत राहते. आम्ही मॉनिटर एकेक करून बदलले, तेव्हा हे मशीन जोडलेलंच होतं, म्हणून ते बदल त्याने सहज पचवले आणि कॉन्फ आतल्या आत शिळी होत गेली. रीबूट झालं असतं तर कधीच उघड झालं असतं. सेफ कॉन्फिग जनरेट-मिनिमल-कॉन्फ या कमांडने ताजी छोटी कॉन्फ काढली. तिच्यात एफएसआयडी (क्लस्टरची ओळख) आणि मॉनिटरांचे पत्ते एवढंच असतं, ३३०० आणि ६७८९ ही दोन्ही पोर्ट धरून. ती ठेवताच मशीन जोडलं गेलं.

दुसऱ्या मशीनवर कर्नल माउंट ठीक होता, पण तिथली एक सेवा लिबसेफएफएस या लायब्ररीतून, स्वतःच्या वेगळ्या सिस्टिम युजरखाली, थेट जोडत होती. ती पुन्हा सुरू केल्यावर जोडलीच जाईना. लॉगमध्ये 'अनेबल टू फाइंड अ कीरिंग' होतं आणि कंसात १३. दोन दिवस 'कीरिंग सापडत नाही' या ओळीसोबत २ क्रमांक पाहून माझ्या डोळ्यांना त्याचीच सवय झाली होती, त्यामुळे मी आधी फाइल जागेवर आहे का तेच पाहत बसले. फाइल होती. २ असता तर फाइल नाही, १३ म्हणजे फाइल आहे पण वाचता येत नाही. कीरिंग रूटच्या मालकीची, मोड ६००. या वेळी खरोखरच युनिक्सची परवानगी होती. त्या सेवेच्या गटाला वाचण्यापुरती मुभा दिली, ६४०.

त्याच मशीनच्या कॉन्फमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, जी अजून फुटली नव्हती. कीरिंगची वाट ग्लोबल विभागात लिहिलेली होती आणि ती एका ठरावीक फाइलकडे बोट दाखवत होती. तसं केलं की आयडी कुठलाही दिला तरी क्लायंट त्याच एका फाइलमध्ये शोधतो. ती ओळच काढली. कीरिंगची वाट न लिहिता सोडली की सेफ क्लायंटच्या नावावरून योग्य फाइल स्वतः शोधतो. खरं तर क्लायंटच्या कॉन्फमध्ये जितकं कमी लिहावं तितकं बरं, कारण मॉनिटरकडच्या मध्यवर्ती कॉन्फिगपेक्षा स्थानिक फाइलचा शब्द वरचढ ठरतो, आणि तिथे विसरलेली एक ओळ मध्यवर्ती बदलाला वर्षानुवर्षं अडवू शकते.

## नंतर काय बदललं

नवा पूल किंवा नवी की देण्याच्या कामात आता एक पायरी पक्की आहे: ज्या आयडीला ती वापरायची आहे त्याच आयडीने, ज्या मशीनवर वापरायची आहे त्याच मशीनवर, त्याच फोल्डरमध्ये फाइल लिहायची, सिंक करायची, दुसऱ्या मशीनवर वाचायची. ॲडमिनच्या कीने केलेली चाचणी नोंदवहीत चाचणी म्हणून धरत नाही. सगळ्या क्लायंट मशीनवर तीच ताजी छोटी कॉन्फ ठेवली. सेफ ऑथ एलएसची यादी काढून पूलचं नाव थेट लिहिलेल्या कॅप्स शोधल्या आणि आधी नजरेतून सुटलेल्या चार कीज खुणेवर आणल्या. फोल्डरचं ७७७ अर्थातच काढलं.

मग राहिल्या त्या रिकाम्या फाइली. फाइंड या कमांडने संग्रह फोल्डरमध्ये, लेआउट बदलल्याच्या तारखेनंतरच्या, शून्य आकाराच्या फाइली शोधल्या. २१७ निघाल्या. यातल्या बऱ्याच हाताने कॉपी केलेल्या होत्या आणि मूळ फाइल शेजारीच होती. पण एक रात्रीची स्क्रिप्ट अशी होती की ती स्थानिक डिस्कवरून सीपी करायची आणि पुढच्या ओळीत मूळ फाइल आरएमने काढून टाकायची. सीपी यशस्वी झालं का हे ती विचारत नव्हती. सीपीने दर वेळी चूक परत दिली होती, ती कुणी घेतली नाही. त्या स्क्रिप्टच्या ११ फाइलींची मूळ प्रत कुठेच उरली नव्हती.

त्या ११ फाइलींची यादी मी मालकांना स्वतः जाऊन दिली. सगळी गणिताची निष्पत्ती होती, कच्चा डेटा जुन्या पूलमध्ये शाबूत होता, त्यामुळे ती कामं पुन्हा चालवता आली. शेवटच्याला नऊ दिवस लागले. स्क्रिप्टमध्ये आता आरएमच्या आधी चेकसम ताडला जातो, आणि तो जुळला नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबून आमच्याकडे निरोप पाठवते.